चहाची किटली कोणती घ्यावी? स्टील, तांबं की इलेक्ट्रिक

या भागात तुमच्याकडून सगळ्यात जास्त आलेला प्रश्न घेऊ: चहासाठी भांडं कोणतं चांगलं? मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण लेबलं आणि आकडे वाचता येतात, तेवढ्यावर बोलतो.

ॲल्युमिनियम. टपरीवरची किटली बहुतेक याचीच. हलकी, स्वस्त, पटकन तापते. दुधाच्या चहात त्यातून फार थोडं ॲल्युमिनियम उतरतं. आंबट पदार्थ असला की प्रमाण वाढतं. म्हणून घरातलं पातेलं घाबरून फेकू नका, फक्त त्यात लिंबाचा चहा उकळू नका आणि चहा तासन्‌तास तसाच ठेवू नका.

तांबं-पितळ. भुलेश्वरहून पुढे तांबाकाट्याला गेलात की झकास किटल्या दिसतात. घ्या, पण आतून कल्हई हवीच. नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातलं अन्न २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत खाण्यास अयोग्य धरलं होतं. कल्हई उडाली असेल तर पुन्हा करून घ्या, नाहीतर किटली शोकेसमध्ये ठेवा.

स्टील. रोजच्यासाठी माझं मत यालाच. ३०४ ग्रेड मागा, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. दुकानदार लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही, म्हणजे ओरिजिनल" म्हणतो ना? ती परीक्षा खरी नाही. स्वस्तातलं २०२ ग्रेडसुद्धा चिकटत नाही, आणि चिकटणारं ४३० ग्रेडही भांड्यांना चालतं. त्यामुळे चुंबकापेक्षा भांड्यावरचा ग्रेडचा शिक्का आणि पक्कं बिल बघा.

इलेक्ट्रिक. इथे खरी काळजी घ्यायची. १५०० वॅटची किटली २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर करंट ओढते. चाळीतल्या खोलीतला छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, वायरिंगही बरेचदा जुनं. त्यावर मल्टिप्लग, त्यात फ्रिज आणि वर किटली, म्हणजे आगीला आमंत्रणच. १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला पॉइंट नसेल तर गॅसच बरा. घेतलीच तर आयएसआय मार्क, आतून पूर्ण स्टील आणि पाणी आटल्यावर आपोआप बंद होणारी घ्या. दूध तिच्यात नको, ते तळाला करपतं आणि उतूही जातं.

आता चहाचे फायदे. चहात पॉलिफिनॉल असतात, आणि कॅफिनने तरतरी येते, एवढं नक्की. पण चहातलं टॅनिन जेवणातलं लोह शरीरात नीट शिरू देत नाही. देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के महिलांना ॲनिमिया आहे (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१). म्हणून पोहे-उपम्यासोबतचा चहा आई, ताई, वहिनी यांच्यासाठी तरी पुढे ढकला. आयसीएमआरचा २०२४ चा सल्लाही तोच: जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा नको. दिवसभरात कॅफिन ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा. १५० मिलिलिटरच्या एका कपात ते ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं.

आणि साखर! दोन चमचे, चार कप, म्हणजे ३० ग्रॅमच्या वर गेलात. किटली कितीही भारी घेतली तरी हा हिशोब बदलत नाही. चहा थोडा निवू द्या, ६५ अंशांच्या वरचं गरम पेय अन्ननलिकेला चांगलं नाही.

थोडक्यात: घरी स्टीलचं पातेलं, चहा जेवणापासून तासभर लांब, आणि इलेक्ट्रिक किटली घेण्याआधी सॉकेट तपासा. तुमच्या घरी कोणतं भांडं आहे ते कळवा. भेटू पुढच्या भागात!