अजीवांचे अध्यात्म

जैन दर्शनाने साऱ्या विश्वाची नोंद जीव आणि अजीव अशा दोनच खात्यांवर केली आहे. या हिशेबात दिवाणखान्यातील सोफा, पेढीवरील गादी-तक्क्या, स्वयंपाकघरातील फडताळ आणि आतल्या खोलीतील तिजोरी ही सारी मंडळी अजीवाच्या, त्यातही पुद्गलाच्या खात्यावर जमा होतात. त्यांना ज्ञान नाही, दर्शन नाही, सुखदुःखाची जाणीव नाही. तेव्हा त्यांना अध्यात्म असते असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि कोणत्याही व्यापारी कुटुंबाच्या घरात चार दिवस राहून पाहिले, तर अधिक विरक्त कोण, घराचा मालक की घरातील सामान, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

सागवानी खुर्चीचे उदाहरण घ्यावे. वृक्ष उभा होता तोवर तो वनस्पतिकायिक, एकेंद्रिय जीव होता. करवत चालली, लाकूड वाळले आणि जीव आपल्या कर्मानुसार पुढील गतीला निघून गेला. ज्याचा तो देह होता, त्याने परत येऊन कधी त्याची विचारपूस केली नाही. आपण मात्र त्या देहाला दर दिवाळीला पॉलिश करतो. पाहुण्यांच्या मुलाने त्यावर चहा सांडला की खुर्ची शांत असते आणि यजमानांचा जीव कासावीस होतो. ‘असू द्या, लहान आहे’ हे शब्द तोंडातून येतात खरे. पण नजर त्या डागावरून हलत नाही.

दुकानातील तराजूची साधना तर थक्क करणारी आहे. श्रावक दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, सामायिकात बसतो आणि त्यातही त्याचे लक्ष वाळूच्या घड्याळाकडे वारंवार जाते. तराजू सकाळपासून रात्रीपर्यंत समभावात असतो. समोर गिऱ्हाईक कोण, ओळखीचे की परके, याची तो दखल घेत नाही. तो झुकतो तो वजनाने, ओळखीने नव्हे. खोटी मापे आणि खोटी वजने वापरणे हा अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांपैकी एक मानला आहे. त्या अतिचाराचा दोष मात्र तराजूला लागत नाही, दांडी धरणाऱ्या हाताला लागतो.

माठावरील गाळण्याचे व्रत त्याहून कठीण आहे. सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये म्हणून पाणी गाळून प्यावे आणि गाळण्यात राहिलेले जीव जेथून पाणी आणले तेथेच हळुवारपणे परत सोडावेत, अशी आपली जुनी रीत. म्हणजे दिवसभर शेकडो जीव हाती येऊनही गाळणे त्यांतील एकही आपल्याजवळ ठेवून घेत नाही. तिजोरीही त्याच पंथाची. लाखोंचा ऐवज पोटात ठेवून ती कधी स्वतःला श्रीमंत समजली नाही. किल्ली ज्याच्या कमरेला असते, त्याची झोप मात्र रात्री दोनदा मोडते.

वस्तूंशी कसे वागावे याचाही विचार आपल्या पूर्वसूरींनी केला आहे. पाच समितींमध्ये आदान-निक्षेपण समिती नावाची एक समिती आहे. कोणतीही वस्तू उचलताना आणि ठेवताना खाली एखादा जीव नाही ना, हे पाहावे, हा तिचा आशय. हा नियम प्रामुख्याने साधूंसाठी असला, तरी ज्या घरात जेवणाच्या वेळी खुर्च्या खरखर ओढल्या जातात आणि संतापाच्या भरात कपाटाची दारे आपटली जातात, त्या घरालाही तो लागू पडण्यासारखा आहे. दार आपटणाऱ्याचा राग दाराने आजवर धरलेला नाही. ते पुन्हा तेवढ्याच सहजतेने उघडते.

मग परिग्रहाचा दोष कोणाचा? शास्त्रांत बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार सांगितले आहेत. क्षेत्र, वास्तू, सोने, धन, धान्य यांपासून भांड्याकुंड्यांपर्यंत सारे त्यांत येते. परंतु तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंचे नावच घेतलेले नाही. तेथे मूर्च्छेलाच, म्हणजे ‘हे माझे’ या ममत्वालाच, परिग्रह म्हटले आहे. व्यापाऱ्याला हे घसाऱ्याच्या हिशेबाने चटकन उमगेल. दुकानातील फर्निचरवर प्राप्तिकराच्या नियमानुसार घटत्या बाकीवर वर्षाला १० टक्के घसारा धरला जातो. १०,००० रुपयांचे सामान दहा वर्षांनी वहीत सुमारे ३,४८७ रुपयांचे उरते आणि वीस वर्षांनी सुमारे १,२१६ रुपयांचे. मनाच्या वहीत नेमके उलटे घडते. तेथे वस्तू जितकी जुनी, तितकी तिची बाकी वाढत जाते.

याचा प्रत्यय वाटणीच्या वेळी येतो. दुकान, गोदाम, शेतजमीन यांचा निकाल दोन बैठकांत लागतो. व्याजाचे आकडे पैशापर्यंत जुळतात. सारे अडते ते आजीच्या झोपाळ्यापाशी. पितळी साखळ्यांचा, एका बाजूने किंचित कलणारा तो झोपाळा बाजारात विकायला काढला तर भंगाराचाही भाव येईल की नाही, ही शंका. तरीही ‘तो मलाच हवा’ या एका वाक्यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या घरची लग्नकार्ये टाळू लागतात. संवत्सरीला साऱ्या गावाला ‘मिच्छामि दुक्कडम्’ किंवा ‘उत्तम क्षमा’ म्हणणारी माणसे एका उंबरठ्याशी अडखळतात. ज्याच्यासाठी हे घडले तो झोपाळा कोणाच्याही व्हरांड्यात तितक्याच संथपणे झुलला असता. त्यावर दोन्ही भावांना मांडीवर घेऊन बसलेली आजी आता त्यावर नाही, आणि खरे तर तीच दोघांना हवी असते.

साधू-साध्वींनाही पाटाची, फळीची गरज पडते. श्वेतांबर परंपरेत ते ही वस्तू गृहस्थाकडून मागून घेतात आणि गरज सरताच परत करतात. परत करावयाच्या अशा वस्तूंना ‘प्रातिहारिक’ अशी संज्ञा आहे. पाट तोच, उपयोगही तोच, परंतु त्यावर नाव कोणाचे घालायचे हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. गृहस्थाला सर्व काही परत करणे शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. म्हणूनच त्याच्यासाठी परिग्रहपरिमाणाचे अणुव्रत आहे. आपल्याला किती पुरे, हे त्याने स्वतः ठरवायचे.

यंदाच्या पर्युषणात घरातील वस्तूंची यादी करताना एक रकाना अधिक आखून पाहावा. ‘ही वस्तू भावाकडे, जावेकडे किंवा नणंदेकडे गेली तर चालेल काय?’ जेथे ‘नाही’ असे उत्तर येईल, तेथे किंमत लिहू नये, त्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. झोपाळा काय, तो कोठेही टांगता येतो.