औषधाच्या खिडकीपाशी

पॉलिक्लिनिकचं दार उघडतं सकाळी आठच्या सुमारास, पण बाहेरच्या बाकांवर माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून बसलेली असतात. पहिल्या एस.टी.नं लांबच्या तालुक्यांतून आलेले माजी सैनिक, त्यांच्या बायका, आणि नवरा जाऊन वर्षं झालेल्या कितीतरी जणी. प्रत्येकाजवळ प्लॅस्टिकची फाइल. तिच्यात कार्ड, पेन्शनच्या पी.पी.ओ.ची झेरॉक्स, डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स, मागच्या महिन्याची चिठ्ठी, आणि न समजलेला पण जपून ठेवलेला एखादा जुना ई.सी.जी. कुणाला विचारायची गरज पडत नाही, रांग आपोआप लागते. पहिला आलेला माणूस आपली फाइल पायरीवर ठेवतो, मागून येणारे तिच्यामागे आपापली ठेवतात आणि चहाला जातात.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी हे पॉलिक्लिनिक आहे. वडिलांना घेऊन मी तिथे वर्षानुवर्षं जाते आहे. अण्णा तोफखान्यातले हवालदार. नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये ट्रेनिंग झालं, मग राजस्थानापासून काश्मीरपर्यंत तोफांच्या मागे आयुष्य गेलं. आज त्यांना साखर आहे, बी.पी. आहे, गुडघे गेलेत, आणि उजव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही. डॉक्टरांनी विचारलेलं मी त्यांच्या डाव्या कानाशी पुन्हा सांगते. हे काम करता करता या जागेचं सगळं कामकाज माझ्या डोळ्यांखालून गेलं. निवृत्त सैनिकाला मिळणाऱ्या उपचारांचा दर्जा खरा कळतो तो औषधाच्या खिडकीपाशी, असं माझं ठाम मत त्यातूनच झालं.

माजी सैनिकांची ही आरोग्य योजना, म्हणजे ई.सी.एच.एस., 1 एप्रिल 2003 रोजी सुरू झाली. त्याआधी निवृत्त जवानाला मिलिटरी हॉस्पिटलात जागा असेल तर उपचार मिळायचे, नाहीतर पदरचे पैसे. मिलिटरी हॉस्पिटलं छावण्यांच्या गावी, आणि जवान निवृत्त होऊन जातो आपल्या खेड्यात. ही दरी बुजवायला ठिकठिकाणी पॉलिक्लिनिकं उघडली. मोठ्या आजारासाठी खासगी हॉस्पिटलं यादीवर घेतली आणि तिथले उपचार कॅशलेस केले. सैनिकानं एकदाच वर्गणी भरायची. 2017 च्या अखेरीस ठरलेल्या दरांप्रमाणे हवालदारापर्यंत तीस हजार, सुभेदार-मेजरपर्यंतच्या जे.सी.ओ.ना सदुसष्ट हजार, अधिकाऱ्यांना एक लाख वीस हजार. 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धात पती गमावलेल्यांना वर्गणी माफ. आज योजनेत सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असणारे मिळून साठ लाखांहून जास्त माणसं आहेत. 2024-25 च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी 6,968 कोटी रुपये ठेवले होते, पुढच्या वर्षी 8,317 कोटी. देशानं हात आखडता घेतला, असं कुणी म्हणू नये.

माजी सैनिकाचे उपचार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जखमी जवान येतो. तसं होणं स्वाभाविक आहे, कारण महाराष्ट्रात त्या कामाची मोठी परंपरा आहे. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पहिल्या महायुद्धात, 1917 साली, अपंग झालेल्या सैनिकांना हातचं काम शिकवायला निघाली. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 चं. मणक्याला मार लागून कमरेखाली लुळ्या पडलेल्या सैनिकांसाठी खडकीलाच 1974 पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. या संस्थांचा आणि या माणसांचा अभिमान वाटायलाच हवा.

पण बाकावर माझ्या शेजारी बसलेले बहुतेक जण जखमी नाहीत. पेन्शनला शिपायाची पंधरा वर्षांची नोकरी पुरते. म्हणजे जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो आणि पुढची तीस-चाळीस वर्षं माजी सैनिक म्हणून जगतो. त्याला गाठणारे आजार चारचौघांचेच असतात: साखर, बी.पी., सांधे, मोतीबिंदू, प्रोस्टेट, हृदय. या आजारांत शौर्य दाखवण्यासारखं काही नसतं. रोज गोळी घ्यायची, महिन्याला तपासायचं, आणि हे मरेपर्यंत. म्हणून यांच्या उपचारांचा दर्जा ऑपरेशन थिएटरपेक्षा दर महिन्याच्या फेरीवर जास्त अवलंबून असतो.

ती फेरी अशी चालते. काउंटरवर कार्ड यंत्राला लावायचं, नोंद झाली की नंबर मिळतो. नर्सिंग असिस्टंट बी.पी. बघतो, बोटाला सुई टोचून साखर बघतो. बहुधा तोही निवृत्त फौजीच असतो, त्यामुळे "हवालदारसाहेब, भात बंद केला का नाही?" असा दम तो हक्कानं देतो. मग मेडिकल ऑफिसर. दुपारपर्यंत शंभरावर रुग्ण बघायचे असले की एकेकाच्या वाट्याला येतात मोजकी मिनिटं. इथले डॉक्टर, फार्मासिस्ट, लॅबवाले सगळे कंत्राटी. कंत्राट ठरावीक मुदतीनं वाढवून घ्यावं लागतं. म्हणून चांगला डॉक्टर टिकत नाही. अण्णांचं पोट, त्यांची झोप, कुठल्या गोळीनं त्यांना खोकला होतो, हे एका डॉक्टरीणबाईंना तोंडपाठ झालं होतं. त्या गेल्या आणि नव्या डॉक्टरांनी खोकला आणणारी तीच गोळी पुन्हा लिहिली. यात नव्या डॉक्टरांचा काय दोष? त्यांच्यासमोर होती फक्त मागच्या महिन्याची चिठ्ठी.

त्यानंतर खिडकी. फार्मासिस्ट चिठ्ठी घेतो, कॉम्प्युटरवर एकेक नाव टाकतो आणि काही नावांपुढे पेनानं दोन अक्षरं लिहितो: एन.ए. म्हणजे औषध शिल्लक नाही. चार औषधांतलं एक नसलं की माणूस गप्प राहतो, दोन नसली की मागच्या रांगेकडे वळून बघतो. नसलेलं औषध नेमून दिलेल्या केमिस्टकडून मागवतात, त्यासाठी दोन-तीन दिवसांनी पुन्हा यायचं. नाहीतर बाहेरून विकत घेऊन बिल भरायचं आणि पैशांची वाट बघायची. शहरात राहणाऱ्याला हे जमतं. साठ-सत्तर किलोमीटरवरून आलेली बाई दोन-तीन दिवसांनी पुन्हा येत नाही. ती त्या महिन्यात ती गोळी खातच नाही. कागदावर तिचे उपचार चालू असतात, अंगात मात्र बी.पी. वाढत असतं.

आणखी एक गोष्ट मी इथेच शिकले. पुरवठादार बदलला की गोळीचा रंग बदलतो. औषध तेच, कंपनी वेगळी. आपल्या म्हाताऱ्या माणसांना औषधांची नावं कधीच पाठ नसतात. त्यांना ठाऊक असते साखरेची पांढरी मोठी, बी.पी.ची गुलाबी, रात्रीची पिवळी. महिना बदलतो आणि बी.पी.ची गोळी पांढरी येते. मग कुणी तेच औषध दोन रंगांत घेतो, कुणी नवी गोळी ओळखीची नाही म्हणून डब्यातच ठेवतो. आमच्या शेजारगावचे एक नाईक अशाच घोळात साखर उतरून शेतात पडले होते. आमच्याकडचा एक तरुण फार्मासिस्ट प्रत्येक पाकिटावर मार्करनं सूर्य किंवा चांदणी काढतो आणि शेजारी ‘साखर’, ‘बीपी’, ‘कोलेस्टेरॉल’ असं मोठ्या मराठी अक्षरांत लिहितो. त्यामुळे त्याची रांग हळू सरकते. लोक कुरकुरत नाहीत. मला विचाराल तर या इमारतीतली सगळ्यात मोलाची सेवा हीच आहे, आणि ती कुठल्याही नियमात लिहिलेली नाही.

इन्सुलिनवाल्यांची तऱ्हा वेगळी. ते घरून थर्मास आणतात, त्यात बर्फ. खिडकीवर कुप्या मिळाल्या की बर्फात ठेवून, उन्हाच्या आत एस.टी. गाठायची. एप्रिल-मेमध्ये गाडी उशिरा आली तर महिन्याभराचं इन्सुलिन घरी पोहोचेपर्यंत कितपत कामाचं उरत असेल, याची मला दर उन्हाळ्यात काळजी वाटते.

दुसरा मोठा टप्पा रेफरलचा. पॉलिक्लिनिकला जमणार नाही ते पुढे पाठवायचं. छावणीचं गाव असेल तर मिलिटरी हॉस्पिटलात, नाहीतर यादीवरच्या खासगी हॉस्पिटलात. रेफरल आता ऑनलाइन निघतं, त्याला मुदत असते. हातात रेफरल आलं की आपण मोकळे, असं पहिल्यांदा सगळ्यांना वाटतं. अण्णांच्या गुडघ्याच्या वेळी एका मोठ्या हॉस्पिटलात आम्हाला आधी "बेड नाही" सांगितलं. मग कळलं की रोख पैसे भरणाऱ्याला त्याच आठवड्यात बेड होता. शेवटी तारीख मिळाली, तर "कार्डावरचा सांधा साधा असतो, चांगला हवा असेल तर वरचे द्यावे लागतील" अशी सूचना आली. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी असे वरचे पैसे मागणं नियमात बसत नाही. मी ते लेखी मागितलं. लेखी काही आलं नाही आणि ऑपरेशन पैसे न देता झालं. अण्णा आज काठीशिवाय देवळापर्यंत जातात. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्या हाताबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

हॉस्पिटलं अशी का वागतात, तेही समजून घ्यायला हवं. त्यांना केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी ठरलेल्या पॅकेजच्या दरानं पैसे मिळतात. 2014 साली ठरलेले त्यातले बहुतेक दर दहा वर्षं तसेच राहिले. मोठा बदल झाला तो 2025 मध्ये. शिवाय बिलं महिनोन्‌महिने अडकतात. मग काही हॉस्पिटलं यादीतून बाहेर पडतात, काही यादीत राहून रुग्ण टाळतात. दर खरोखरीचे आणि बिलं वेळेवर, एवढं झालं तरी "बेड नाही" हे वाक्य निम्म्यानं कमी ऐकू येईल.

वॉर्डाचंही सांगायला हवं. हवालदारापर्यंत जनरल, जे.सी.ओ.ना सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्यांना प्रायव्हेट. नोकरीत हुद्दा हवाच, त्याशिवाय फौज चालत नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बायपासनंतर कुठे झोपवायचं, हे त्याच्या दंडावरच्या जुन्या फितीवरून ठरावं, हे मला पटलेलं नाही.

या सगळ्यानंतरही मी ही योजना मोडीत काढायला तयार नाही. आमच्या गावातल्या एका निवृत्त शिपायाची बायपास झाली, एका वीरपत्नीचा कॅन्सर वेळेत सापडून तिच्या किमोच्या सगळ्या फेऱ्या झाल्या. दोन्ही घरांना जमीन विकावी लागली नाही. शेतकरी कुटुंबाला कॅन्सर काय करतो, हे ज्यानं पाहिलंय त्याला या वाक्याचं वजन कळेल. मोठ्या आजारात ही योजना उभी राहते. ती कमी पडते रोजच्या आजारात, आणि रोजच्या आजाराकडे दुर्लक्ष झालं म्हणूनच पुढे बायपासची वेळ येते.

आणि या बाकावर ज्यांना कधी बसताच येणार नाही, त्यांचाही विचार हवा. 2022 च्या अग्निपथ योजनेतून भरती झालेला मुलगा चार वर्षांनी बाहेर पडेल तेव्हा त्याला पेन्शन नसेल आणि हे कार्डही नसेल. पुढे कायम केल्या जाणाऱ्या चारातल्या एकाला ते मिळेल. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावानं पहिल्या महायुद्धात सेहेचाळीस माणसं गमावली. अशा गावांतली घरं आजही मुलगा फौजेत पाठवतात. चार वर्षांत कान किंवा गुडघा गमावून आलेल्या मुलाच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या औषधपाण्याचं काय, याचं उत्तर त्यांना सरकारनं स्पष्ट शब्दांत द्यायला हवं.

नोकरीत गेलेल्या कानाची अडचण अण्णांचीही होती. तोफखान्यात कान जातो हे सगळ्या जगाला माहीत आहे, पण निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाच्या कागदावर त्याची नोंद नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं 2013 च्या धर्मवीर सिंग प्रकरणात सांगितलं की भरतीच्या वेळी नसलेला आजार पुढे दिसला, तर तो नोकरीमुळे नाही हे सिद्ध करणं सरकारचं काम आहे. हे अण्णांसारख्यांपर्यंत फार उशिरा पोहोचलं. सध्या नोकरीत असलेल्या मुलांना माझं सांगणं आहे: घरी येण्याआधी कान, डोळे, गुडघे, कंबर, सगळ्याची तपासणी करून घ्या आणि ते कागदावर उतरलंय का ते स्वतः वाचा.

गावात राहणाऱ्यांकडेही मला काही मागायचं आहे. तुमच्या आळीत एखादा म्हातारा फौजी किंवा त्याची विधवा एकटी राहत असेल, मुलं पुण्या-मुंबईला असतील, तर एकदा त्यांच्या घरी जा. कार्ड चालू आहे का, त्यावर बायकोचं नाव आहे का, फोन नंबर बदलला असेल तर तो नोंदवलाय का, एवढं बघा. यादीवरच्या जवळच्या हॉस्पिटलाचं नाव आणि पॉलिक्लिनिकचा फोन मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा. रात्री छातीत कळ आली तर रेफरलसाठी थांबायचं नसतं, कार्ड घेऊन थेट जवळच्या हॉस्पिटलात जायचं. ते हॉस्पिटल यादीत नसेल तर 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. कुणी वरचे पैसे मागितले तर लेखी मागा, आणि पॉलिक्लिनिकच्या ऑफिसर-इन-चार्जकडे लेखी तक्रार द्या. तोंडी तक्रारीची नोंद होत नाही. आणि जमलं तर त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटांवर सकाळ, दुपार, रात्र असं मार्करनं लिहून द्या.