आधी टेकू, मग टाइल्स!

रिनोव्हेशन म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? मॉड्युलर किचन, इटालियन मार्बल, बाल्कनीतला झोपाळा... बजेटच्या एक्सेल शीटमध्ये 'टेकू' नावाची ओळ मात्र मी कुणाच्याही पाहिलेली नाही. आमच्या भुसावळच्या घराच्या शीटमध्ये ती आहे, आणि मार्बलच्या वर आहे!

त्याचं असं झालं. मी नोकरीसाठी पुण्यात, आई-बाबा भुसावळला. घर जुनं, लोड-बेअरिंग. म्हणजे कॉलम-बीमची भानगड नाही, सगळा भार विटांच्या भिंतींवर. शेजारच्या काकूंची आणि आमची भिंत सामाईक. प्लॅन साधा होता : मागचं अंगण सात फूट खणून पाण्याची टाकी आणि वर पार्किंग. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरनं तर जेसीबीची तारीखही देऊन टाकली. "टेकू-बिकू कशाला? दोन दिवसांचं काम, काही होत नाही भो!"

बाबांनी त्याच्याआधी एका स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावलं. त्यांनी भिंतीलगत हातानं छोटा खड्डा खणून घेतला. पाया चार फुटांवर संपत होता. म्हणजे आमची टाकी पायाच्याही तीन फूट खाली जाणार! पायाखालची माती भिंतीचा भार खाली नेते तसाच बाजूलाही पसरवते. बाजूची माती काढली, की उरलेली माती खड्ड्याकडे सरकायला बघते. आणि तिच्यामागोमाग भिंत.

त्यात आमची माती काळी. केळीला, कापसाला सोनं, घराला डोकेदुखी. पाणी प्यायली की फुगते, उन्हात आक्रसते. हा खेळ जमिनीखाली साधारण साडेतीन मीटरपर्यंत चालतो. भुसावळच्या मे महिन्यात ती इतकी कडक होते, की खड्ड्याची बाजू दगडासारखी उभी राहते. 'बघा, काही झालं का?' असं म्हणायला मोकळे! पण एक वळवाचा पाऊस किंवा एक गळका पाइप पुरतो.

भारतीय मानक 'आयएस ३७६४' नुसार दीड मीटरपेक्षा खोल चराला टेकू-फळ्यांचा आधार हवा. तो नसला तर काय होतं, हे बातम्यांत आपण वाचलेलं आहे. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढव्याला बांधकामाच्या साइटलगतची सोसायटीची भिंत कोसळली आणि खालच्या झोपड्यांमधले १५ जण गेले. त्याआधी २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत पडली, १७ मृत्यू झाले. तळमजल्यावर काय चाललं होतं? रिनोव्हेशन!

आमच्याकडे मग जेसीबी रद्द. आधी स्लॅबखाली लोखंडी जॅक लावले, भिंतीला बाहेरून तिरपे टेकू दिले. भिंतीच्या लांबीचे मीटर-मीटरचे सात तुकडे पाडले. पहिला, चौथा आणि सातवा तुकडा आधी. मधल्यांना हात लावायचा नाही. पायाखाली तेवढंच खणायचं, काँक्रीट भरायचं, वर दोन-तीन इंच फट ठेवायची. काँक्रीट बसलं की त्या फटीत कोरडसर सिमेंट-वाळू ठासून भरायची. मगच पुढचा तुकडा. याला अंडरपिनिंग म्हणतात. काम कंटाळवाणं, पण इंग्लंडमधल्या विंचेस्टर कॅथीड्रलपेक्षा बरंच सोपं! तिथे पायाखाली पाणी होतं, म्हणून विल्यम वॉकर नावाचा पाणबुड्या १९०६ ते १९११ अशी वर्षं काळोख्या पाण्यात उतरून सिमेंटच्या पिशव्या रचत होता.

खरी परीक्षा मात्र काकूंच्या बाजूला होती. त्यांच्या भिंतीवरच्या जुन्या तड्यांवर इंजिनीअरनं काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या. तडा हलला तर काच फुटणार. काकूंचं वय सत्तरच्या पुढे, घरी एकट्या. रोज सकाळी चष्मा लावून पट्ट्या बघायच्या आणि कॅलेंडरवर बरोबरची खूण करायची. चौथ्या तुकड्याच्या वेळी एक पट्टी तडकली आणि काम तिथल्या तिथे थांबलं. कारण सापडलं आमच्याच जुन्या मोरीच्या पाइपात. त्यातून झिरपणाऱ्या पाण्यानं माती मऊ झाली होती. पाइप बदलला, दोन टेकू वाढवले, नवी काच लावली. पाच दिवस गेले. कॉन्ट्रॅक्टर असता तर त्यानं लांबी भरून वर रंग मारला असता, असं माझं स्पष्ट मत!

आणि हो, हा निव्वळ शेजारधर्म नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार प्रत्येकाच्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे. घराला असा आधार वीस वर्षं बिनतक्रार मिळत आला असेल, तर त्याचाही हक्क तयार होतो. काकूंचं घर माझ्या जन्माआधीचं.

टाकी जूनच्या पहिल्या आठवड्यात भरली. किचनच्या टाइल्स अजून खोक्यातच आहेत, बजेट संपलं ना! काचेच्या पट्ट्या काढायला गेलो, तर काकूंनी हात धरला. "राहू दे रे. पावसाळ्यात ही माती फुगंल, मग दिवाळीनंतर परत बसंल. तोवर बघते मी."

इंजिनीअरचंही म्हणणं तेच पडलं.