लिनक्सचे अद्ययावतीकरण आणि बहुभाषिक संगणक-कक्ष

आदिलाबाद जिल्ह्यात तेलुगू, उर्दू, मराठी व गोंडी या भाषा शेजारी शेजारी नांदतात. येथील महाविद्यालयाच्या संगणक-कक्षात उर्दूचा नस्तालिक फाँट किंवा मराठीचा कीबोर्ड ही चैन नसून अध्यापनाची गरज आहे. लिनक्स नव्या आवृत्तीत नेताना नेमक्या अशाच गोष्टी कधी कधी नाहीशा होतात. फाँट गेल्यास उर्दू मजकूर नस्तालिकऐवजी नस्ख वळणात दिसतो किंवा अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटतात. हे का घडते व कसे टाळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

डेबियन व उबुंटू या प्रणालींत सॉफ्टवेअर 'पॅकेज' स्वरूपात येते. एक पॅकेज दुसऱ्यावर अवलंबून असते आणि हा सर्व हिशेब 'ॲप्ट' हा व्यवस्थापक ठेवतो. पॅकेज प्रामुख्याने तीन कारणांनी काढले जाते: नव्या पॅकेजशी त्याचा मेळ बसत नाही, ते दुसऱ्याच्या ओघाने आलेले असून आता कुणालाच लागत नाही, किंवा नव्या आवृत्तीच्या भांडारात ते उरलेलेच नसते. उबुंटूची आवृत्ती बदलताना बाहेरची भांडारेही तात्पुरती बंद केली जातात, हे ध्यानात ठेवावे.

यावर उपाय साधे आहेत. (आज्ञा टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे वापरावीत.)

१) 'ॲप्ट अपग्रेड' ही आज्ञा बसवलेले पॅकेज काढत नाही, 'ॲप्ट फुल-अपग्रेड' मात्र काढू शकते. म्हणून आधी 'सिम्युलेट' हा पर्याय जोडून केवळ रंगीत तालीम करावी.

२) 'आयबस-एम१७एन'सारखे आवश्यक पॅकेज 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल' या आज्ञेने नोंदवावे. मग 'ऑटोरिमूव्ह' त्याला निरुपयोगी समजत नाही. परस्परविरोधामुळे होणारी गच्छंती मात्र याने टळत नाही.

३) 'ॲप्ट-मार्क होल्ड'ने पॅकेज आहे त्या आवृत्तीवर थांबते, पण त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्याही थांबतात. हा उपाय अल्पकाळच योजावा.

४) पॅकेजांची यादी व विद्यार्थ्यांचे काम पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, 'होय' म्हणण्यापूर्वी काढावयाच्या पॅकेजांची यादी वाचावी. २०२१ मध्ये लिनस सेबास्टियन या प्रसिद्ध व्हिडिओकाराने 'पॉप ओएस'वर 'स्टीम' बसवताना इशारा डावलून संमती दिली आणि संपूर्ण डेस्कटॉपच निघून गेला. संगणकाने धोका लपवला नव्हता; तो वाचला गेला नाही. त्यानंतर 'ॲप्ट'मध्ये अशी संमती देणे अधिक अवघड करण्यात आले.

अद्ययावतीकरण परीक्षेच्या तोंडावर करू नये. प्रथम एकाच संगणकावर करावे, त्यावर मराठी व उर्दूची एकेक ओळ टाइप करून पाहावी आणि मगच उर्वरित संगणकांकडे वळावे.