विमाने पुन्हा उडाली, ती कशी?

यवतमाळहून परदेशी जाणारे विमान सुटत नाही. तरीही मार्च २०२० मध्ये आपल्या जिल्ह्यात करोनाचे पहिले रुग्ण निघाले, ते दुबईची सहल करून आलेले. असे का व्हावे?

पूर्वी बोटीने विलायतेहून मुंबईस यायला दोन-तीन आठवडे लागत. कोणी रोग घेऊन चढलाच, तर तो बहुधा वाटेतच उघडा पडे. दुबईहून मुंबई आता तीन-साडेतीन तासांवर आली; करोनाची लक्षणे दिसायला मात्र दोन ते चौदा दिवस लागत. वाहन रोगाच्या पुढे धावू लागले! मग विमानतळावर नुसता ताप पाहून कसे भागणार?

२३ मार्च २०२० पासून भारताने परदेशची नेहमीची प्रवासी विमाने थांबवली. पण तिकडे अडकलेल्यांचे काय? ७ मेपासून ‘वंदे भारत’ मोहिमेतून त्यांना आणणे सुरू झाले. जुलैत ‘एअर बबल’ आले. म्हणजे दोन देशांनी आपसांत करार करायचा आणि ठरलेल्या प्रवाशांपुरतीच विमाने सोडायची. चढण्यापूर्वी तपासणी, उतरल्यावर विलगीकरण. बोटीवर जे दिवस आपोआप जात, तेच आता खोलीत बसून मुद्दाम काढायचे, एवढाच त्याचा अर्थ. नेहमीची वाहतूक सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला.

तेव्हा अशा साथीत परदेशाहून आलेला शेजारी दार लावून बसला, तर त्याला वाळीत टाकू नये. त्याचा प्रवासच अजून पुरा व्हायचा असतो. डबा तेवढा दाराशी ठेवावा.