नऊ जर्नलं आणि बाकीचा पाचोळा

सॅम्युएल ब्रॅडफर्ड मूळचे रसायनशास्त्रज्ञ, नोकरीला लंडनच्या सायन्स म्युझियमच्या ग्रंथालयात. तिथे त्यांनी एक चिकाटीचा उद्योग केला. एका विषयावरचे सगळे लेख गोळा करायचे आणि कुठल्या नियतकालिकात किती आले ते मोजत बसायचं. उपयोजित भूभौतिकी, 1928 ते 1931: लेख 1332, नियतकालिकं 326. पहिल्या 9 नियतकालिकांनीच 429 लेख दिले. पुढच्या 499 लेखांसाठी 59 नियतकालिकं चाळावी लागली आणि उरलेल्या 404 लेखांसाठी तब्बल 258!

ढीग तीन, उंची जवळपास सारखी. पण पुढचा ढीग रचायला दर वेळी साधारण पाचपट नियतकालिकं लागतात. वंगणावरच्या लेखांचं गणितही त्याच चालीचं निघालं: 8, 29, 127. त्या शेवटच्या 127 जणांनी मिळून दिले 152 लेख, म्हणजे दरडोई सव्वासुद्धा नाही. हाच ब्रॅडफर्डचा विखुरणीचा नियम.

यातली खरी गंमत पुढे आहे. हा शोध ब्रॅडफर्ड यांनी छापला कुठे? ग्रंथालयांच्या नियतकालिकात नव्हे. ‘इंजिनिअरिंग’ नावाच्या साप्ताहिकात, 26 जानेवारी 1934 रोजी. ग्रंथपालांचं तिकडे लक्ष जायला 1948 उजाडलं. त्या वर्षी ब्रॅडफर्ड यांचं ‘डॉक्युमेंटेशन’ हे पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी ते वारलेही. विखुरणीचा नियम सांगणारा लेख स्वतःच विखुरला होता!

निसरपूरची फाइल

हा हिशेब आता आपल्या बाजूला लावून पाहू. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, कुक्षी तालुक्यात निसरपूर आहे. सप्टेंबर 2019 मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा काठोकाठ, 138.68 मीटरपर्यंत, भरलं आणि जुनं निसरपूर पाण्यात गेलं. या विस्थापनावर वाचायचं तर मुंबईहून निघणारं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ कुणीही पहिल्यांदा हातात घेईल. मग कायद्याची जर्नलं, कारण नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा 1979 चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2000 चा. इथवर सोपं आहे.

पण त्याच तालुक्यातलं बाग घ्या. तिथल्या लेण्यांचं कॅप्टन डेंजरफील्ड यांनी केलेलं वर्णन छापलं गेलं मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ‘ट्रान्झॅक्शन्स’मध्ये, दोनशे वर्षांपूर्वी. ही सोसायटी म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीचं मूळ रोप. बागच्या खडकांवर प्रमथनाथ बोस यांनी लिहिलं ते भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या 1884 च्या ‘मेमॉयर्स’मध्ये. याच भागात डायनासोरचं अंड्याच्या आत अंडं सापडलं, तो निबंध 2022 मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आला. लगेच पुढच्या जानेवारीत टायटनोसॉरची 92 घरटी आणि 256 अंडी, हे ‘प्लॉस वन’मध्ये. आणि 1982 मध्ये बागला सापडलेल्या 27 ताम्रपटांचं तर पुस्तकच झालं. जर्नलं कितीही चाळा, त्या ताम्रपटांची सगळी वाचनं एका ठिकाणी मिळतात ती त्या पुस्तकातच.

एकच तालुका, पण त्याचं कपाट लावायचं तर विधी, भूगर्भ, पुराजीव, पुरातत्त्व असे सगळे कप्पे लागणार. त्यात डेंजरफील्ड यांनी केलेलं ‘बाग’चं इंग्रजी स्पेलिंग ‘बॉग’च्या वळणाचं! आजच्या स्पेलिंगनं संगणकावर शोधणारा विद्यार्थी या लेखावरून सरळ पुढे निघून जाईल.

शेपटीचा उलगडा

हा पाचोळा येतो कुठून, याचं चोख उत्तर माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफील्ड यांनी 1971 मध्ये दिलं: एका विषयाची शेपटी, म्हणजे तो शेवटचा विखुरलेला ढीग, ही बहुतेक दुसऱ्या विषयांच्या गाभ्यांची बनलेली असते. अंड्यांच्या अभ्यासकाला जे नियतकालिक वाटेत पडलेलं वाटतं, ते दुसऱ्या कुणाचं रोजचं वाचन असतं. म्हणूनच साऱ्या विज्ञानाचा गाभा 500 ते 1000 नियतकालिकांत मावेल, असं त्यांचं म्हणणं होतं. ग्रंथालयाचं बजेट ठरवणाऱ्यांना ते फार गोड लागलं असणार.

हा नियम आलेखावर काढला, तर त्या आलेखाला एक खोडही आहे. ब्रॅडफर्डची रेघ नियमाप्रमाणे सरळ चढत जायला हवी, पण प्रत्यक्षात टोकाला येऊन ती मान टाकते. ओले ग्रूस यांनी 1967 मध्ये हे दाखवलं, म्हणून या खोडीचं नाव ‘ग्रूस ड्रूप’. इतकं नादमय नाव संख्याशास्त्रात विरळाच.

आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनही यात मागे नव्हते. ग्रंथालयाच्या कामाला आकडेमोड लावणाऱ्या शाखेसाठी ‘लायब्रामेट्री’ हे नाव त्यांनी 1948 मध्येच इंग्लंडमधल्या एका परिषदेत सुचवलं. ॲलन प्रिचर्ड यांनी ‘बिब्लिओमेट्रिक्स’ हे नाव सुचवलं 1969 मध्ये, आणि टिकलं तेच.

पुण्याचा अध्याय

ब्रॅडफर्ड यांच्या शेपटीत निदान खरे लेख होते. हल्ली तिथे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांची गर्दी झाली आहे. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीची चिरफाड केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून आत शिरलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला, तर 88 टक्क्यांहून जास्त संशयास्पद निघाली. त्यानंतर ‘केअर’ ही नवी यादी आली आणि तिच्या कामाचं केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होतं. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने तीही यादी बंद केली. आता कुठलं जर्नल चांगलं, ते ज्या त्या विद्यापीठाने आपापलं ठरवायचं आहे.