कामावर असताना आपल्या हातून दुसऱ्याला इजा झाली तर?

तायांनो, कापसाचा हंगाम आला की धरणगावात जिनिंगच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आणि टेम्पोंची रांग लागते. गाडी मालकाची, पण चालवणारा आपल्याच घरातला असतो. धक्का लागून कोणी जखमी झालं तर? "मालक बघून घेईल," असं आपण म्हणतो. हे अर्धंच खरं आहे.

आधी खरा भाग पाहू. 18 डिसेंबर 1960 ला नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनीची मोटार सावनेरजवळ झाडावर आदळली. गाडी कंपनीचा मॅनेजर चालवत होता. सोबत बसलेले गृहस्थ गेले. त्यांच्या पत्नी पुष्पाबाई उदेशी यांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1977 मध्ये निकाल लागला: मॅनेजर कंपनीच्या कामासाठी निघाला होता, म्हणून त्याच्या चुकीची भरपाई कंपनीनेही द्यायची.

आता उरलेला अर्धा भाग. मालक जबाबदार ठरला म्हणून कामगार सुटत नाही. जखमी माणूस दोघांवरही दावा लावू शकतो. मालकाची गाडी कोणी परस्पर स्वतःच्या कामाला नेली, तर मालक हात वर करू शकतो. आणि निष्काळजीपणाचा गुन्हा तर ज्याच्या हातून चूक झाली त्याच्यावरच दाखल होतो. कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 प्रमाणे 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ती मालक भोगत नाही.

म्हणून घरी आणि गटात एवढं बघा:

1. चालवणाऱ्याकडे त्या गाडीचं लायसन आहे का? गाडीचा विमा चालू आहे का? कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.
2. ब्रेक खराब असेल तर मालकाला मेसेज करून कळवा. तोंडी सांगितलेलं नंतर सिद्ध करणं कठीण जातं.
3. अपघात झाला तर पळू नका. जखमीला दवाखान्यात न्या, पोलिसांना कळवा.
4. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.

गटाचा ट्रॅक्टर असेल आणि ड्रायव्हर पगारी असेल, तर मालक आपणच. मग भरपाईची जबाबदारी गटावर येते. विमा भरल्याची नोंद मासिक बैठकीत घ्या.

प्रकरण कोर्टात गेलंच, तर महिलांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा.